बिल नसलेली वाक्यं : शरीराविषयीच्या कठोर स्वगताचा एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कुणा एका मुलीचं नाही. समुपदेशनाला येणाऱ्या तरुण मुलींच्या तक्रारींचा जो नेहमीचा नमुना असतो, त्यातून अभ्यासासाठी ही एक व्यक्ती उभी केली आहे. तिचे आकडे आणि तिची वाक्यं त्या रचनेचा भाग आहेत. वैद्यकीय निकष आणि संशोधनाचे संदर्भ मात्र खरे आहेत.

ती काय मागायला आली

वय २४. राहायला नाशिकच्या सिडकोत, पवननगरच्या बाजूला. नोकरी अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात. घरी आई-वडील, धाकटा भाऊ आणि आजी. वन बीएचके फ्लॅट. तिसऱ्यांदा डाएट अर्धवट सोडल्यावर आहारतज्ज्ञाने तिला समुपदेशकाकडे पाठवलं. तिची मागणी एका वाक्याची होती : "मॅडम, मला मोटिव्हेशन द्या, माझ्यात विल पॉवरच नाही."

'मी स्वतःशी फार वाईट बोलते' अशी तक्रार घेऊन जवळजवळ कुणी येत नाही. ज्याच्या डोक्यात ते बोलणं चालू असतं त्याला ते बोलणं वाटतच नाही, ती वस्तुस्थिती वाटते. 'मी जाडी आहे, म्हणून मला कुणी पसंत करणार नाही' हे तिच्या लेखी आजच्या तापमानासारखं असतं, बातमीत सांगितलेलं. त्यामुळे पहिल्या भेटीत 'नकारात्मक बोलू नकोस' असं सांगण्यात काही अर्थ नसतो. ती म्हणेल, मी कुठे काय बोलले?

मागच्या दोन वर्षांत तिने तीन गोष्टी सोडल्या होत्या : कॉलेजपासूनचं ढोलपथक, घरच्या लग्नांतले फोटो आणि डब्यातली पोळी. चौथी गोष्ट नुकतीच सुरू झाली होती. आईने लग्नासाठी बायोडेटा करायला घेतला होता आणि त्यातल्या 'वर्ण' या रकान्यावरून घरात दोनदा रडारड झाली होती.

आधी काय तपासलं

उंची १५८ सेंमी, वजन ६६ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २६.४. भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबर ८८ सेंमी. स्त्रियांसाठी मर्यादा ८० सेंमी. पाळी दीड-दोन महिन्यांनी येत होती. मानेच्या मागच्या बाजूला आणि काखेत काळपट, जाडसर, हाताला मखमलीसारखी लागणारी त्वचा. हे सगळं समुपदेशकाने लिहून घेतलं आणि शरीराबद्दल एक शब्दही न समजावता तिला आधी फिजिशियनकडे पाठवलं. असं स्वगत चालू असणाऱ्या माणसाला शरीराची खरी तक्रार नसतेच, असं गृहीत धरणं ही या कामातली मोठी चूक आहे.

अहवाल आले. थायरॉइड ठीक. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ५.८ टक्के; ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी. पाळीचं वेळापत्रक आणि सोनोग्राफी धरून पीसीओएसचं, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या संप्रेरकांच्या विकाराचं, निदान झालं.

मनाच्या बाजूने तीन गोष्टी पाहिल्या. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीत २७ पैकी ११ गुण, म्हणजे मध्यम. त्यातल्या नवव्या प्रश्नाला, मरणाच्या विचारांबद्दलच्या, उत्तर शून्य. तरीही तो प्रश्न तोंडी पुन्हा विचारला, कारण कागदावर शून्य लिहिणं सोपं असतं. खाण्याच्या विकारांसाठी १९९९ पासून वापरात असलेली स्कॉफ ही पाच प्रश्नांची चाळणी : दोन किंवा अधिक 'हो' आले तर खोलात जायचं. तिचं एकच 'हो' होतं. मुद्दाम ओकारी काढणं, जुलाबाच्या गोळ्या असं काही नव्हतं. तिसरं, शरीरातल्या एखाद्या दोषाच्या विचारात दिवसाचा किती वेळ जातो? तासाभराच्या वर वेळ जात असेल, आरसा पुन्हा पुन्हा पाहणं किंवा त्वचा खरवडणं थांबवता येत नसेल आणि तो 'दोष' इतरांना जेमतेम दिसत असेल, तर बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरचा विचार करावा लागतो. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकन वर्गीकरणाने २०१३ मध्ये हा विकार ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या, गटात ठेवला. त्याला मानसोपचारतज्ज्ञ लागतो, नुसत्या समुपदेशनावर ठेवायचा नसतो. इथे वेळ विखुरलेला होता, सगळा धरून पाऊण तासाच्या आसपास, आणि मानेचा काळेपणा खराच होता. म्हणून काम समुपदेशनात ठेवलं, पण दर चार आठवड्यांनी हे तीनही प्रश्न परत विचारायचे असं नोंदवहीत लिहून.

चौथी चौकशी तिच्या पर्सची. गोरेपणासाठी कोणती क्रीम? मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून आणलेली, स्टिरॉइड असलेली ट्यूब महिनोन्महिने चेहऱ्याला लावणाऱ्या मुली कमी नाहीत. त्याने कातडी पातळ होते, पुरळ येतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि ट्यूब थांबवली की चेहरा आणखी लाल होतो. तिच्याकडे तसली ट्यूब नव्हती. मानेला लिंबू आणि बेसन घासणं मात्र रोज चालू होतं.

वाक्य पकडायचं कसं

पहिल्या आठवड्याचं काम : खिशातली छोटी वही, पाच रकाने. वेळ. जागा. वाक्य जसंच्या तसं. त्यानंतर काय केलं. आणि त्या क्षणी ते वाक्य किती टक्के खरं वाटलं.

सात दिवसांत ९ नोंदी आल्या आणि नऊही निरुपयोगी होत्या. 'आरशात पाहून न्यूनगंड आला.' 'दुपारी आत्मविश्वास कमी वाटला.' या भावनांच्या पाट्या झाल्या, वाक्यं नव्हेत. ती रात्री अंथरुणावर आठवून लिहीत होती, ही एक चूक. दुसरी चूक अधिक मजेची : ती शुद्ध मराठीत लिहीत होती. डोक्यातला आवाज 'न्यूनगंड' हा शब्द कधी वापरत नाही. तो शिव्या देतो, टोमणे मारतो आणि तेही घरच्या बोलीत.

दुसऱ्या आठवड्यासाठी दोनच बदल केले. पाच मिनिटांच्या आत लिहायचं, आणि लाज वाटली तरी तोच शब्द लिहायचा. या वेळी ३८ नोंदी आल्या. त्यातल्या काही :

"बघ, परत पोट वर आलं. शोभतं का गं तुला हा कुर्ता?"
"मान कसली काळी. घाणेरडी."
"म्हैस."
"समोरचा हातांकडे बघतोय."
"आज जेवू नकोस. लायकी नाही."
"फोटोत कडेला उभी राहा. मागे."
"कोण पसंत करणारे तुला?"

३८ पैकी १४ नोंदी सकाळी सव्वासात ते आठ, म्हणजे कपडे घालताना. बाकीच्या कंपनीच्या लिफ्टमधला आरसा, सिटीलिंक बसची खिडकी, कॉलेज रोडवरच्या दुकानाची ट्रायल रूम आणि मोबाइलचा समोरचा कॅमेरा यांत वाटलेल्या. म्हणजे स्वगत दिवसभर चालत नाही. जिथे काच आहे तिथे चालतं. तिला हे माहीत नव्हतं. तिच्या मते ते 'सतत' होतं.

समोरच्या कॅमेऱ्याबद्दल एक गोष्ट तिला तिथेच सांगितली. हाताच्या अंतरावर, साधारण ३० सेंमीवर, कॅमेरा जवळच्या गोष्टी मोठ्या दाखवतो. २०१८ मध्ये शल्यचिकित्सकांच्या एका गटाने गणित मांडून दाखवलं, की त्या अंतरावरच्या सेल्फीत नाक दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं. हे ऐकून तिला बरं वगैरे वाटलं नाही. 'नाक ठीक आहे, मॅडम, प्रश्न गालांचा आहे,' ती म्हणाली. माहितीने स्वगत मिटत नाही. फार तर एखाद्या नोंदीची टक्केवारी थोडी उतरते.

'गं' कुणाचा?

नोंदी मोठ्याने वाचताना समुपदेशकाच्या लक्षात आलं, की ३८ पैकी २२ वाक्यं 'तू' ची आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच वाक्यांत 'गं' आहे. माणूस स्वतःला 'गं' म्हणत नाही. 'गं' लागला की ते वाक्य आधी कुणीतरी तिला म्हटलेलं असतं, किंवा निदान कुणाच्या तरी गळ्यातून आलेलं असतं. विचारलं, हे कुणाच्या आवाजात ऐकू येतं? 'शोभतं का गं' आईचं होतं, दहावीच्या सुट्टीतलं. 'म्हैस' शाळेतलं. 'फोटोत मागे' मात्र तिचं स्वतःचं, कुणीही म्हटलेलं नसलेलं.

मराठीची स्वतःची एक खोच इथे नोंदवायला हवी. आपण वजनाला 'तब्येत' म्हणतो. 'तब्येत सुधारली' म्हणजे जाड झालीस, 'तब्येत उतरली' म्हणजे बारीक झालीस. एकाच शब्दात आरोग्य आणि आकार भरलेले असल्यामुळे, या घरात एचबीएवनसीच्या अहवालावरची चर्चासुद्धा तिच्या कानात 'जाडी' म्हणूनच शिरत होती. त्यात 'खात्यापित्या घरची', 'अंगाने भरलेली' ही वाक्यं कौतुकाची की टोमण्याची, हे बोलणाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही. मुलग्यांकडे हेच उलट्या बाजूने येतं : 'काडीपैलवान', 'हाडाचा सापळा'. जिममधल्या पावडरीच्या डब्यामागे पुष्कळदा तेच वाक्य असतं.

वाक्याचे तुकडे

संज्ञानात्मक उपचारपद्धतीत, ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या 'स्वयंचलित विचारां'च्या मार्गाने, अशा वाक्याचा पुरावा तपासतात. अल्बर्ट एलिस यांच्या, १९५५ पासूनच्या आणि महाराष्ट्रात 'विवेकनिष्ठ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत, एका गुणाला दिलेला शेरा पूर्ण माणसावर कसा चढतो ते पाहतात. इथे दोन्ही लागलं.

'मान काळी, घाणेरडी, कोण पसंत करणारे' या वाक्यात तीन वस्तू आहेत. वर्णन : मान काळी आहे. शेरा : घाणेरडी. भाकीत : कुणी पसंत करणार नाही. पुढच्या भेटीत ३८ नोंदी तिने स्वतः वेगळ्या केल्या. वर्णन आणि शेरा एकत्र चिकटलेल्या १७, भाकितं ११, दुसऱ्याच्या मनातलं ओळखल्याचा दावा ६, शिक्षा किंवा हुकूम ४.

वर्णनाचा तुकडा खरा असल्यामुळे बाकीचे दोन त्याच्या पाठीवर बसून आत येतात. 'मान काळी आहे' हे नाकारता येत नाही, म्हणून मन 'घाणेरडी' वरही सही करून मोकळं होतं. इथेच फिजिशियनचं काम उपयोगी पडलं. त्या काळपट मखमली त्वचेला ॲकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. रक्तात इन्सुलिन जास्त राहिलं की ते त्वचेच्या पेशींना वाढायला लावतं आणि मान, काख, जांघ इथली कातडी जाड आणि काळी होते. तो मळ नाही. घासून जात नाही; लिंबाने उलट चुरचुरते आणि जास्त काळवंडते. इन्सुलिन ताळ्यावर आलं तर ती हळूहळू फिकट होते, महिने लागतात. आठ वर्षं रोज सकाळी घासलेल्या मानेबद्दल ही माहिती मिळाल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी अंघोळ नीट करत होते." या एका वाक्याची नोंद समुपदेशकाने जशीच्या तशी ठेवली आहे.

जे चाललं नाही

तिसऱ्या आठवड्यात तिने कुठल्याशा रीलवरून एक उपाय आणला : आरशावर 'मी सुंदर आहे' अशी चिठ्ठी, रोज सकाळी दहादा म्हणायचं. चार दिवसांत नोंदी वाढल्या. "सुंदर म्हणे. तोंड बघ." हे अपेक्षितच होतं. २००९ मध्ये जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की स्वतःबद्दलचं मत आधीच खालचं असलेल्यांनी अशी गोड वाक्यं घोकली तर त्यांना पूर्वीपेक्षा वाईट वाटतं. वाक्य आणि विश्वास यांच्यात दरी जितकी मोठी, तितका आतला आवाज विरोधी पक्षासारखा उभा राहतो. चिठ्ठी काढून टाकली.

मनगटाला रबर लावून विचार आला की ओढायचं, हा मैत्रिणीने सांगितलेला उपाय तिने आधीच करून पाहिला होता. विचार दाबायला घेतला की तो उसळतो, हे डॅनिअल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगापासून सर्वश्रुत आहे : पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटलं, की तेच डोक्यात येत राहतं. शिवाय रबर म्हणजे शिक्षाच. ज्या मुलीच्या चार नोंदी आधीच शिक्षेच्या आहेत तिला पाचवी कशाला?

तिसरा फसलेला प्रयत्न खुद्द समुपदेशकाचा. 'हेच मैत्रिणीला म्हणशील का?' हा प्रश्न सगळीकडे शिकवतात, आणि पुष्कळांना तो उपयोगी पडतोही. तिने उत्तर दिलं, "नाही म्हणणार. पण तिला मी खोटं सांगीन ना, वाईट वाटू नये म्हणून." म्हणजे तिच्या लेखी मैत्रिणीशी बोलतो ती दया आणि स्वतःशी बोलतो ते सत्य. प्रश्न मागे घेतला.

व्हाउचर आणि सस्पेन्स खातं

उपयोगी पडली ती तिचीच अकाउंट्सची भाषा. समुपदेशकाने विचारलं, "कुणी तुझ्याकडे बिल न जोडता खर्च टाकला तर तू काय करतेस?"

"परत पाठवते."

"आणि साहेब म्हणाले, आत्ता नोंद करावीच लागेल?"

"मग सस्पेन्सला टाकते, मॅडम. बिल आलं की योग्य खात्याला."

तिथून पुढे वहीला सहावा रकाना जोडला : बिल. बिल म्हणजे मोजता, पाहता किंवा ऐकता येणारी गोष्ट. 'कंबर ८८ सेंमी' याला बिल आहे. 'हा कुर्ता दंडावर घट्ट होतो' यालाही आहे. 'समोरचा हातांकडे बघतोय' याला बिल नाही. त्याला विचारलेलं नाही. ते सस्पेन्सला. 'म्हैस' ही नोंदच नाही. कुठल्याच खात्याचं नाव नाही, परत पाठवायचं.

पहिल्या पंधरवड्यात एक अडचण आली : ती बिलं तयार करू लागली. 'मागच्या वर्षी आत्या म्हणाली होती' हे तिने 'घाणेरडी' ला बिल म्हणून जोडलं. आत्या तसं म्हणाली, याचं ते बिल आहे. मान घाणेरडी असण्याचं नाही. हा फरक दोन भेटी खाऊन गेला. दुसरी अडचण वेळेची. प्रत्येक नोंदीवर वाद घालत बसली तर सकाळची बस चुकते. म्हणून सकाळच्या वेळी फक्त तीन शब्द : 'वर्णन', 'सस्पेन्स' किंवा 'परत'. सविस्तर हिशोब रविवारी, वीस मिनिटं.

वाक्याची जागा कोणत्या वाक्याने भरायची? कोरड्या. 'मी सुंदर आहे' नको, 'मी ठीकच आहे' पण नको. 'कुर्ता दंडावर घट्ट आहे, दुसरा घालते.' बस. हे वाक्य कौतुक करत नाही, म्हणून आतला आवाज त्याला खोडू शकत नाही.

आरसा

आरसा टाळणं आणि आरशात तपासत राहणं, दोन्ही स्वगताला खतपाणी घालतात. तिचं तपासणं मोजलं : कुर्ता वर करून पोट चिमटीत धरणं दिवसाला ११-१२ वेळा, वजनकाट्यावर दिवसातून दोनदा. पाणी, मीठ, पाळी यांमुळे वजन एका दिवसात किलो-दीड किलो सहज हलतं, त्यामुळे रोजच्या काट्यात चरबीची बातमी नसतेच. काटा माळ्यावर गेला. वजन आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी. चिमटा एकदम बंद करायला सांगितला नाही. आधी दिवसाला सहा, मग तीन, मग फक्त अंघोळीनंतर एक. एका झटक्यात बंद केला असता तर तो बाथरूममध्ये लपून सुरू राहिला असता.

आरशासमोर उभं राहण्याचा सराव आठवड्यातून तीनदा, निदान पाच मिनिटं. पूर्ण उंचीचा आरसा, एक मीटर अंतर, रोजचे कपडे, उजेड समोरून. डोक्यापासून सुरुवात करून पावलांपर्यंत प्रत्येक भागाचं मोठ्याने वर्णन, आंधळ्या माणसाला फोनवर सांगावं तसं : 'केस खांद्यापर्यंत, डावीकडे भांग. भुवया जाड. खांदे गोल...' विशेषण फक्त आकार, रंग आणि जागेचं. पोटाला जितकं, तितकंच कानाला.

चुका नेहमीच्याच झाल्या. ती पोटापासून सुरू करायची आणि तिथेच अडकायची. 'दंड ढिले' म्हणायची. 'ढिले' हा शेरा आहे, 'कोपराच्या वर गोलसर' हे वर्णन. सगळ्यात मोठी चूक, अस्वस्थता टिपेला पोचली की आरशापासून दूर व्हायचं. असं केलं की मन शिकतं, पळालो म्हणून वाचलो. थांबलं तर अस्वस्थता आपोआप उतरते. पहिल्यांदा तिला सात मिनिटं लागली, पाचव्यांदा तीन. आणि वन बीएचकेमध्ये हे करायचं कुठे, हाही खरा प्रश्न होता. कपाटाचा आरसा बेडरूममध्ये आणि तिथे आजी. शेवटी वेळ ठरली संध्याकाळची, आजी देवळात जाते तेव्हाची.

या भागाबद्दल एक इशारा. ज्यांचं वजन झपाट्याने उतरतं आहे किंवा ज्यांना बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरची शक्यता आहे, त्यांनी हा सराव घरी, एकट्याने करू नये.

ढोल

जुलैच्या शेवटी तिच्या जुन्या पथकाचा सराव गोदाकाठी सुरू झाला. तिचं भाकीत वहीत होतं : "ढोल कमरेला बांधला की पोट दिसेल, सगळे हसतील." खरं वाटणं ९० टक्के. ठरलं असं, की तीन सराव करायचे आणि प्रत्येकाच्या शेवटी मोजायचं : शरीरावर किती जणांनी किती वाक्यं टाकली.

पहिल्या दिवशी एक वाक्य. वादनप्रमुख ताई म्हणाली, "पट्टा वर घे, पाठ धरेल." दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी एक : "दोन वर्षांनी आलीस, हात विसरली नाहीस." टिपरूने अंगठ्याच्या बेचक्यात फोड आले, खांदे भरून आले. वहीत त्या तीन संध्याकाळी स्वगताच्या नोंदी दोन, दोन्ही बस स्टॉपवरच्या. वाजवताना एकही नाही. ताल चुकू नये म्हणून लक्ष बाहेर, दुसऱ्याच्या टिपरूकडे असतं. पोटाकडे पाहायला माणूस शिल्लकच राहत नाही.

'पट्टा वर घे' या वाक्याचा पुढे चांगला उपयोग झाला. ईथन क्रॉस यांच्या २०१४ च्या प्रयोगांत, तणावाच्या प्रसंगी स्वतःशी 'मी' ऐवजी 'तू' म्हणून किंवा नावाने बोलणाऱ्यांना कमी त्रास झाला. हिचं स्वगत आधीच 'तू' मध्ये होतं आणि तरी टोचत होतं. व्याकरणातला पुरुष बदलून भागत नाही, बोलणारा बदलावा लागतो. मग सकाळी कपडे घालताना ती विचारायची, ही गोष्ट पथकातली ताई कशी सांगेल? ताई सांगते तेव्हा त्यात शेरा नसतो, काम असतं.

अनंत चतुर्दशीला वाकडी बारवेपासूनच्या मिरवणुकीत ती होती. फोटोंत मात्र ती अजूनही कडेला आहे.

घर

कुटुंबाची एकच बैठक झाली. आई आणि आजी. आईला दोषी ठरवलं असतं तर बैठक तिथेच संपली असती, म्हणून मागणी अगदी लहान ठेवली : जेवणाच्या ताटावर कुणाच्याही अंगाबद्दल बोलायचं नाही, स्वतःच्याही नाही. 'स्वतःच्याही' हा शब्द महत्त्वाचा. आई रोज पोळी वाढताना म्हणायची, "माझंच पोट बघ किती सुटलंय." मुली हे ऐकून शिकतात, की बाईच्या जातीने आरशात पाहिल्यावर असंच बोलायचं असतं.

आजींना पटलं नाही. "आम्ही मायेनं बोलतो. बोलायचंच नाही म्हणजे काय, मुके व्हायचं?" यावर वाद घातला नाही. बोलायला दुसरं काय आहे, ते विचारलं. आजींनी औषधाची आणि फिरायला जाण्याची आठवण करायची, असं ठरलं. 'तब्येत' ऐवजी 'साखर' म्हणायचं, ही कल्पना आजींचीच. मधुमेह त्यांनाही होता.

डॉक्टरांचा सल्ला होता आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि वेळेवर जेवण. सकाळी नुसता चहा, दुपारचा डबा अर्धा परत, संध्याकाळी पाचला भुकेने कासावीस होऊन दोन समोसे, मग 'लायकी नाही' आणि रात्रीचा उपास. तिन्ही डाएट याच चाकात मोडले होते. विल पॉवरचा संबंध थोडाच. सकाळी पोहे किंवा भाकरी आणि डब्यात दोन पोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर समोसे आठवड्यातून एकदावर आले.

बारा आठवड्यांनंतर

पन्नास मिनिटांच्या दहा भेटी. पीएचक्यू-९ अकरावरून सहावर. आठवड्याच्या नोंदी ३८ वरून १३. त्यातल्या शिक्षेच्या शून्य. वजन ६४.५, आणि या आकड्याला कामाचं यश मानलं नाही, कारण तो पुढे वर गेला तर यश परत करावं लागेल. मान जरा फिकट, फार नाही.

नोव्हेंबरात चुलतभावाच्या लग्नात आत्या सगळ्यांसमोर बोलली आणि पुढचे चार दिवस वही परत भरली. 'म्हैस' परत आलं. अशी पीछेहाट होणारच, हे आधी सांगून ठेवलेलं असल्यामुळे तिने फोन केला, डाएट सोडला नाही. नोंदी पाचव्या दिवशी खाली आल्या. अशा वेळी रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेलि-मानस हा शासनाचा १४४१६ क्रमांक २४ तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे. मरणाचे विचार, ओकारी काढणं किंवा झपाट्याने उतरणारं वजन दिसलं तर थांबायचं नाही, जिल्हा रुग्णालयातला किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा.

डिसेंबरच्या भेटीत ती बायोडेटाची प्रिंट घेऊन आली. उंची लिहिली आहे, शिक्षण, पगार, ढोलवादनही. 'वर्ण' हा रकाना कोरा. आई म्हणते निमगोरा लिहू, बाबा म्हणतात गहूवर्णी, आणि तिचं म्हणणं असं, की याला बिल कोण देणार ते आधी सांगा.